नोकरी सोडण्याआधी एकदा वसुली करून बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वय ३४. कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचा अकरा वर्षांचा अनुभव, हाताखाली सहा माणसं. घराचा हप्ता चालू आहे, दोन मुलं लहान आहेत. स्वतःचं मेंटेनन्सचं काम सुरू करावं असं तीन वर्षांपासून मनात घोळतंय. मित्र म्हणतात, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. वडील म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. पत्नी म्हणते, तुम्ही ठरवाल ते. पण तिला रात्री झोप लागत नाही हे तुम्हाला दिसतंय. आणि अगदी शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मी जोखीम घेणारा माणूस आहे की नाही, हे कसं ओळखायचं?’

या शेवटच्या प्रश्नापाशी मी थांबले. तुम्ही याला स्वभावाचा प्रश्न समजता आहात. मला तो व्यवहाराचा वाटतो, आणि हा फरक लहान नाही.

मी बारा वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात नोकरी केली आणि गेली एकोणीस वर्षं छोट्या धंद्यांचे हिशेब सांभाळण्याचं स्वतःचं काम करते. चालणाऱ्या धंद्यांच्या वह्या माझ्याकडे येतात, तशा बंद पडलेल्यांच्याही शेवटच्या हिशेबाला येतात. धाडसी माणसांचे धंदे बसलेले मी पाहिलेत आणि पै-पै मोजणाऱ्या, सही करताना हात थरथरणाऱ्या माणसांचे धंदे पंधरा-पंधरा वर्षं उत्तम चाललेले पाहिलेत. स्वभाव बघून मला कधीच अंदाज बांधता आलेला नाही. थोडाफार अंदाज येतो तो एका गोष्टीवरून: या माणसाने एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाकडून, स्वतः ठरवलेल्या दराने, पूर्ण पैसे वसूल केलेत का? तुमच्या प्रश्नात यंत्रांबद्दल खूप आहे, तुमच्या कसबाबद्दलही आहे. वसुलीबद्दल एक शब्द नाही.

यात तुमची चूक नाही. पगार ही गोष्टच अशी आहे की ती बाकीची कामं डोळ्यांआड ठेवते. तुम्ही यंत्र सुरू केलंत की तुमचं काम संपलं. पण त्या कामाचं गिऱ्हाईक कुणीतरी आणलं होतं. दर कुणीतरी ठरवला होता, ‘एवढे जास्त कसे?’ याला उत्तर दिलं होतं. सुटे भाग कुणी उधारीवर आणले होते, बिल कुणी केलं होतं, आणि पैसे येईपर्यंत कुणीतरी फोन करत राहिलं होतं. महिनाअखेरीस तुमच्या खात्यात जमा होते ती या सगळ्या माणसांच्या कामानंतर उरलेली रक्कम. स्वतःच्या धंद्यात ही सगळी माणसं तुम्हीच असता.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, अंगावर आल्यावर कळलं. नोकरीत असताना पुरवठादारांची बिलं माझ्या टेबलावर यायची. तीन तारखेच्या आत आलेलं बिल त्या महिन्याच्या पेमेंटला लागायचं, चार तारखेला आलेलं पुढच्या महिन्यावर. बिलावर ऑर्डरचा नंबर नसेल तर ते निळ्या ट्रेमध्ये पडून राहायचं. त्या ट्रेमधल्या माणसांचे फोन यायचे आणि मी शांतपणे सांगायचे, ‘पुढच्या सायकलला होईल.’ नियम होता तो, मला त्यात काही वावगं वाटत नसे. मग मी स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं मोठं काम मिळालं ते एका कंपनीची दोन वर्षांची तुंबलेली खाती लावून देण्याचं. सात आठवडे रात्री जागून ते केलं, बिल पाठवलं. बिलावर ऑर्डरचा नंबर घालायचा राहून गेला. चार आठवड्यांनी चौकशीला फोन केला तर पलीकडची मुलगी माझ्याच जुन्या आवाजात म्हणाली, ‘मॅडम, पुढच्या सायकलला होईल.’ पैसे आले ९७व्या दिवशी. तोवर तीन भाडी भरून झाली होती आणि एक मुदत ठेव मोडून झाली होती. माझ्या वहीत मात्र पहिल्या दिवसापासून नफा दिसत होता.

‘नफा आहे पण पैसे नाहीत’ हे वाक्य मी या एकोणीस वर्षांत किती जणांच्या तोंडून ऐकलं याची गणती नाही. म्हणून तुमच्यासारख्या कामाचं गणित इथे मांडते. आकडे मी सोयीसाठी धरलेत, त्या जागी तुम्ही तुमचे घाला.

घराचा महिन्याचा सगळा खर्च, हप्त्यासकट, १०० धरा. पगार १२० धरा. नोकरी सोडायला निघालेले बहुतेक जण मनात म्हणतात, महिन्याला १२० चं काम मिळालं की झालं. तसं होत नाही. समजा, तुमच्या प्रत्येक बिलातले ४० टक्के सुट्या भागांत जातात. गाडी, हत्यारं, फोन, मदतनीस, विमा असा ठरावीक खर्च महिन्याला ३० आहे. मग घरी १०० न्यायचे असतील तर भागांचे पैसे वजा जाता १३० सुटले पाहिजेत, आणि १३० सुटायला बिलं करावी लागतील जवळजवळ २१७ ची. बचत यात शून्य आहे. आजारपणात बुडालेले दिवसही यात धरलेले नाहीत. नोकरीत त्या दिवसांचा पगार मिळतो, इथे नाही.

आता दिवस मोजा. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तरी पंचवीसच्या पंचवीस दिवसांचे पैसे मिळत नाहीत. काम बघून यायचं, दर द्यायचा, तो मान्य होईपर्यंत थांबायचं, सुटे भाग आणायचे, वसुलीच्या फेऱ्या मारायच्या, हिशेब लिहायचा. यात दहा दिवस सहज जातात. उरले पंधरा. म्हणजे सुटे भाग वगळून, नुसत्या हातांच्या कामाचे दिवसाला ८.७ मिळायला हवेत. तुमचा आजचा पगार दिवसाला ४.८ पडतो. जवळजवळ दुप्पट दर लावावा लागेल, आणि तो गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगावा लागेल. नोकरीतून आलेली माणसं हमखास घसरतात ती इथे. ती आपल्या रोजच्या पगारावरून दर काढतात. गिऱ्हाईक खूश, कामाची रांग लागलेली, माणूस रात्री उशिरा घरी येतो आणि वर्षाअखेरीस खातं रिकामं. मग तो म्हणतो, बाजारात मंदी आहे. वही उघडल्यावर कळतं की पहिल्या दिवसापासूनच दर कमी होता.

तिसरी गोष्ट उधारीची. पहिल्या महिन्यापासून पूर्ण काम मिळालं असं मानू. महिनाअखेरीस बिलं केलीत आणि गिऱ्हाइकांनी ६० दिवसांनी पैसे दिले, तर पहिला पैसा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी हातात येतो. तोवर दर महिन्याला सुट्या भागांचे ८७, ठरावीक खर्चाचे ३० आणि घरचे १०० जातच असतात. तीन महिन्यांचे झाले ६५१. तुमच्या पगाराच्या हिशेबात साडेपाच महिन्यांच्या आसपास. आणि हे काम भरपूर असताना! याला खेळतं भांडवल म्हणतात. यंत्रसामग्रीच्या भांडवलाचा विचार सगळे करतात, याचा फार थोडे. पण इथेच एक वाटही आहे. सुट्या भागांचे पैसे आधी घ्यायची अट घातलीत, तर त्याच तीन महिन्यांत अडकणारी रक्कम ६५१ वरून ३९० वर येते. बँकेची पायरीही न चढता. एका वाक्याने एवढा फरक पडतो: ‘भागांचे पैसे आधी, कामाचे नंतर.’ हे वाक्य म्हणायला जीभ रेटत नाही, हीच खरी अडचण असते.

इथवर वाचून वाटेल की मी नोकरीच्या बाजूने बोलते आहे. तसं नाही. पण आकडे जे सांगतात ते लपवणार नाही. बार्टन हॅमिल्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली अमेरिकेतली आकडेवारी तपासून दाखवलं की दहा वर्षं स्वतःचा धंदा केलेल्यांत कमाईच्या क्रमाने बरोबर मध्यावर येणाऱ्या माणसाची कमाई, तेवढीच वर्षं नोकरीत राहिल्यास मिळाली असती त्यापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होती. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाचे आकडेही वर्षानुवर्षं साधारण तेच सांगतात: नव्याने सुरू झालेल्या व्यवसायांपैकी पाचवा हिस्सा पहिल्या वर्षात बंद होतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. तरीही माणसं धंद्यात येतात आणि टिकतात, कारण आपल्या कामाचं आपणच ठरवणं हीसुद्धा एक कमाई आहे. ती मी एकोणीस वर्षं घेते आहे, मला तिचं मोल माहीत आहे. फक्त ती किती टक्क्यांना घ्यायची हे डोळे उघडे ठेवून ठरवावं.

मग करायचं काय? नोकरी की धंदा हे आज ठरवूच नका. नोकरी धरून, सुट्टीच्या दिवशी, छोटी कामं घ्या आणि त्यातली वसुली शिका. मित्रांचं पाण्यात पडण्याचं म्हणणं खरं आहे, पण पोहायला शिकणारा माणूस आधी कमरेइतक्या पाण्यात उतरतो. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेले आणि मग पूर्ण वेळ त्यात गेलेले लोक, थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा जास्त टिकले. धंदा बंद पडण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. कारण माझ्या अनुभवाशी जुळणारं आहे. अर्धवेळच्या काळात माणसाला धंदा कळतो, त्याहून जास्त स्वतः कळतो. ज्यांना ते जमणार नाही असं दिसतं, ते पुढे जातच नाहीत.

यात कमीपणा काही नाही. फिल नाइट यांनी १९६४ साली बूट विकायला सुरुवात केली. ती कंपनी पुढे नायकी झाली. पण १९६९ पर्यंत ते हिशेबनिसाची नोकरी आणि नंतर विद्यापीठात शिकवणं हे करतच होते. स्टीव्ह वॉझ्नियॅक हे १९७६ साली ॲपल स्थापन झाल्यावरही काही महिने ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला होते. त्यांच्याबद्दलची दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे: आपल्या संगणकाचा आराखडा त्यांनी आधी मालक कंपनीला दाखवला. कंपनीने तो नाकारला, मगच त्यांचा रस्ता मोकळा झाला. तुमचं नेमणूक पत्र काढा आणि नोकरीत असताना बाहेरचं काम करण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. मनाई असेल तर लेखी परवानगी मागा. नाहीच मिळाली तर वाट वेगळी: खर्चाचे पुरेसे महिने गाठीशी बांधून, मग राजीनामा देऊन प्रयोग करायचा. चोरून काम करू नका. कंपनीच्या गिऱ्हाइकाकडे, कंपनीच्या हत्यारांनी तर अजिबात नको. अकरा वर्षांची पत एका फोनने जाते, आणि पुढे तुमची जुनी कंपनीच तुमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होऊ शकते.

प्रयोग कसा दिसतो ते एका उदाहरणाने सांगते. प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा तुमच्याच वयाचे होते. अबोल माणूस. मी त्यांना एक वही दिली आणि चार रकाने आखून दिले: काम कोणाचं, बिल कधी दिलं, पैसे कधी आले, आणि पैशांसाठी किती वेळा फोन केला. ओळखीच्यांची कामं त्यात लिहायची नाहीत, हा एकच नियम. ओळखीचे लोक दर पाडून मागतात किंवा दयेने जास्त देतात. दोन्हींतून बाजार कळत नाही. पहिल्या महिन्यात चौथ्या रकान्यात होतं ९, ७, ८. एकाचे पैसे आलेच नाहीत, तिथे त्यांनी बारीक अक्षरात ‘सोडले’ असं लिहिलं होतं. वही माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, ‘उपकरण बिघडलं तर मला राग येत नाही. फोन उचलला नाही की रात्रभर झोप नाही.’ मी म्हटलं, हेच शिकायला आलात. चौथ्या महिन्यापासून ते काम घेतानाच निम्मे पैसे मागू लागले. दोन गिऱ्हाइकं गेली. सहाव्या महिन्यात तोच रकाना होता २, १, ३, ०. चौदाव्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्या हातात सहा वेगवेगळी गिऱ्हाइकं होती आणि त्यातल्या कुणा एकाकडून तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसे येत नव्हते. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते आहे. एकाच गिऱ्हाइकावर चालणारा धंदा म्हणजे रजा, विमा आणि नोटीस नसलेली नोकरी.

अशीच वही दिलेली एक बाई सातव्या महिन्यात म्हणाली, मला हे नको. तिला काम आवडत होतं, मागणं आवडत नव्हतं. आणि धंदा वाढला असता तर मागणंच वाढलं असतं, काम हाताखालच्यांकडे गेलं असतं. तिने नोकरी बदलली, जास्त जबाबदारीची घेतली, आणि ती खरोखर आनंदात आहे. मी तिचा निर्णय धंद्यात गेलेल्यांच्या निर्णयाइतकाच चांगला मानते. तुम्हालाही हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल: यंत्राला हात लावून काम करायचंय, की ते काम करणारी संस्था चालवायची आहे? पहिलं असेल तर कदाचित तुम्हाला मालक बदलायचा आहे, नोकरी सोडायची नाही.

आता जे मला इथे बसून सांगता येत नाही ते. पत्नी कमावत असतील तर वरचं गणित बरंच हलकं होतं. घरात कुणाचं मोठं आजारपण असेल, तर कंपनीचा विमा हा पगाराइतकाच महत्त्वाचा धरा आणि वर्षभर थांबा. कामाला महाग यंत्र घ्यावं लागणार असेल आणि तेही कर्जाने, तर सुट्टीच्या दिवसांचा प्रयोग पुरणार नाही. आधी यंत्र भाड्याने मिळतं का ते बघावं लागेल. आणि तुमची कंपनीच डळमळीत असेल, माणसं कमी करत असेल, तर ‘हातचं’ म्हणून जे वडील धरून बसलेत ते तितकं हातातलं नाही. तेव्हा घाई केलेली चालते.

वयाची मात्र घाई करू नका. आता नाही तर कधीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. पियर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २७ लाख संस्थापकांची माहिती तपासली. सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवात करतानाचं सरासरी वय निघालं ४५. तुमच्या हातात अजून वर्षं आहेत, आणि नोकरीत मिळणारा अनुभव वाया जात नाही.

राहिला घरचा प्रश्न. ‘पत्नीला कसं समजावू’ असं तुम्ही विचारता. समजावू नका, आकडे दाखवा. तिची झोप उडाली आहे कारण तिला या गोष्टीचा तळ दिसत नाही. एका संध्याकाळी दोघं बसा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा. आपण किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्यावरच राजीनामा द्यायचा. माझ्या मते तुमच्या हप्त्यासह नऊ महिने. शिल्लक किती महिन्यांच्या खर्चावर आली की पुन्हा नोकरी शोधायला लागायचं. मी चार म्हणेन, कारण नोकरी मिळायलाही तीन-चार महिने लागतात. आणि हा आकडा आला हे कोण जाहीर करणार. ते काम पत्नीकडे द्या. धंद्यात बुडालेल्या माणसाला नेहमी पुढच्याच महिन्यात मोठं काम मिळणार असतं. तो स्वतःहून थांबत नाही. घर गहाण टाकणार नाही, मुलांच्या शिक्षणाच्या पैशांना हात लावणार नाही, हे त्याच कागदावर खाली लिहा आणि दोघांनी सह्या करा.

परत फिरण्याची लाज मनातून काढा. धंदा बंद करून एक-दोन वर्षांत नोकरीत परतलेल्या माझ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना जुन्या पदाच्या जवळपास, काहींना वरचं काम मिळालं, कारण दर ठरवणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांना येऊ लागलं होतं. ज्यांनी चार-पाच वर्षं कर्ज काढून काढून धंदा ओढला, त्यांना परत येणं जड गेलं. वडिलांनाही हे सांगा. त्यांची भीती धंद्याची नसते, परत न येण्याची असते.

तर पुढच्या सुट्टीपासून सुरुवात करा. अनोळखी गिऱ्हाईक, तुमचा दर, भागांचे पैसे आधी. वहीत चार रकाने आखा. सहा महिन्यांनी चौथ्या रकान्यातले आकडे मला लिहून कळवा, मग राजीनाम्याबद्दल बोलू.